पॅरिसच्या संपाची उज्जैन शाखा

पॅरिसमधल्या एका साप्ताहिकाच्या पत्रकारांनी संप केला, तेव्हा फ्रान्सच्या बाहेर त्यांना साथ देणारा माणूस बहुधा एकच निघाला, आणि तो आमच्या डोक्यावर राहतो. प्रमिलाताई दप्तरदार. भर सकाळी उज्जैनच्या घड्याळाच्या टॉवरपाशी सतरंजी अंथरून त्या बसल्या. एका बाजूला पाण्याची बाटली, वर छत्री, पुढ्यात पुठ्ठ्याचा फलक. फलकावर अर्ध्या भागात फ्रेंच आणि उरलेल्या अर्ध्यात 'संपादक वापस लाओ'. कोणता संपादक, कुठला, कशाचा, हे लिहायला पुठ्ठ्यावर जागा उरली नव्हती.

मी बँकेत निघालो होतो. न बघितल्यासारखं करून पुढे गेलो असतो, पण एक हवालदार त्यांच्यापाशी उभा दिसला आणि शेजारधर्म आडवा आला. हवालदार बिचारा फार अदबीने चौकशी करत होता. धरणं कोणाविरुद्ध, तर मालकाविरुद्ध. कुठला मालक, तर साप्ताहिक विकत घेतलेला जहाजवाला.

"माताजी, अपनी शिप्रा में नाव चलाने जितना पानी नहीं रहता," तो म्हणाला, "जहाज किधर से आ गया?"

ताईंनी त्याला फ्रान्समधल्या नियतकालिकांचा इतिहास तिथेच, वाहतुकीच्या गोंगाटात, सुरुवातीपासून सांगायला घेतला. त्याची ड्यूटी संपेपर्यंत तो ऐकत होता असं नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक हिंदी दैनिकात ताईंचा छत्रीसकट फोटो आला आणि खाली ओळ होती की पेन्शनसाठी वृद्धेचं धरणं. ताई संतापल्या. मला ओढत त्या दैनिकाच्या कचेरीत घेऊन गेल्या. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं की खुलासा छापता येईल, पण त्यासाठी जाहिरात विभागात भेटावं लागेल. जिना उतरताना ताई म्हणाल्या की यांच्यापेक्षा तो जहाजवाला परवडला, तो निदान संपादकाला काढून टाकतो, यांनी मुळात ठेवलेलाच नाही.

आता हे साप्ताहिक कुठलं, ते मी सांगणार नाही. ताईंनी मला नाव हजारदा सांगितलंय, पण माझ्या तोंडून ते निघालं की त्यांना ताप चढतो. उज्जैनमध्ये, माधव नगरात, एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी दर आठवड्याला फ्रेंच साप्ताहिक कशाला येतं, हा प्रश्न मात्र तुम्हाला पडला असेल. तो आमच्या पोस्टमनलाही अनेक वर्षं पडलेला आहे.

त्याचं मूळ अण्णांमध्ये आहे. अण्णा म्हणजे ताईंचे थोरले भाऊ. दप्तरदारांच्या घराण्यात कोणे एके काळी शिंद्यांच्या दरबाराचे कागद सांभाळायचं काम होतं. अण्णा कागद सोडून कापडात गेले. इथल्या एका मिलमध्ये ते मशीनवर होते, आणि मिलने फ्रान्सहून यंत्रं मागवली तेव्हा ती शिकून घ्यायला त्यांना काही महिने ल्यों नावाच्या शहरात पाठवलं होतं. ल्यों म्हणजे रेशमाचं गाव. अण्णा तिथून मशीनपुरतं फ्रेंच शिकून आले. धागा तुटला, बॉबिन संपली, जेवायची सुट्टी झाली, एवढ्यावर त्यांची गाडी थांबायची. पण सामान बांधताना त्यांनी काचेच्या वस्तूंभोवती जुनी मासिकं गुंडाळली होती. काच फुटली, मासिकं आली. धाकट्या बहिणीने ती इस्त्री करून सरळ केली आणि शब्दकोश घेऊन बसली. पुढे तीच बहीण फ्रेंच घेऊन एम. ए. झाली आणि गावात कोणालाही नको असलेली ती भाषा तिने आयुष्यभर शाळेत शिकवली. ताई स्वतः फ्रान्सला कधीच गेल्या नाहीत. एकदा जायचं ठरलं होतं, पण त्याच वर्षी अण्णांच्या पत्नी वारल्या आणि मग ठरलेलं तसंच राहिलं.

पुढे काचबिंदूने अण्णांचे दोन्ही डोळे नेले. आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत. खिडकीपाशी खुर्चीत बसतात, भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जातात, आणि गुरुवारची वाट बघतात. गुरुवारी संध्याकाळी ताई साप्ताहिकाचं वेष्टण फाडतात, समोर बसतात आणि पहिल्या पानापासून वाचतात. डोळ्यांनी फ्रेंच आणि तोंडाने मराठी, मध्ये कुठे अडखळणं नाही. गुरुवारच का, तर पॅरिसात अंक गुरुवारी निघतो. आमच्याकडे तो दोन-तीन आठवड्यांनी पोचतो, पण दप्तरदारांच्या घरी जग त्याच चालीने चालतं. टीव्ही नाही, रेडिओवर फक्त गाणी. फ्रान्समध्ये अलीकडे पंतप्रधान फार पटापट बदलतात. अण्णांना नव्या पंतप्रधानांचं नाव कळून ते त्यांच्याबद्दल मत बनवेपर्यंत ते गृहस्थ गेलेले असत. मी एकदा गॅलरीत सहज म्हणून गेलो की तुमचे पंतप्रधान पडले, तर अण्णांनी कानांवर हात ठेवले. अंक यायचाय अजून, म्हणाले.

सांगायचा मुद्दा हा, की त्या माणसाचा सगळा आठवडा एका संध्याकाळवर उभा होता. ताईंनी त्याचं पुढे जे काय केलं, त्यावर माझा अजूनही राग आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

ताईंचा राग मात्र जगावर असतो, आणि जग म्हणजे पॅरिसमधले साप्ताहिकांचे मालक. त्यांच्याकडे चहाला गेलं की मालकांची यादी ऐकावी लागते. हे साप्ताहिक टेलिफोनवाल्याचं, ते लढाऊ विमानवाल्याचं, तिसरं बायकांच्या महागड्या पर्सा विकणाऱ्याचं. पूर्वी म्हणे साप्ताहिकं विचार विकायची, आता विचाराचं पाकीट विकतात. मुखपृष्ठांवर तर त्यांचा विशेष डोळा. एका आठवड्यात सरकार कोसळतं, दुसऱ्या आठवड्यात पाठदुखीवर उपाय. तिसऱ्या आठवड्यात इस्पितळांची क्रमवारी, चौथ्यात पॅरिसमध्ये घर कुठे घ्यावं. "मी उज्जैनला बसून पॅरिसमध्ये घर कुठे घेऊ, मोघे?" असं त्या मला विचारतात, जणू ते मुखपृष्ठ मीच काढलंय. पानं कमी झाली, बातमीदार कमी झाले, रस्त्याकडेच्या अंक विकणाऱ्या टपऱ्या उठल्या, आणि वर टपालाचा दर चढला.

या एका बाबतीत माझं त्यांच्याशी पटतं. आमच्या स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर मी शाळेत असताना मराठी मासिकंही लटकलेली असायची. आज तिथे चिप्सची पाकिटं आणि मोबाइलचे चार्जर लटकतात. एका कोपऱ्यात राशिभविष्य आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. मासिक आहे का विचारलं तर दुकानदार माझ्याकडे असा बघतो, की मला तिकीट परत करून घरी जावंसं वाटतं. दिवाळी अंकातही आता दोन जाहिरातींच्या मध्ये एखादी कथा दिसली तर दचकायला होतं. म्हणजे राग यायला जागा आहे. पण म्हणून कोणी टॉवरपाशी जाऊन बसत नाही.

ताईंना जगात सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे फ्रान्समधलं एक कलम. तिथे वर्तमानपत्राचा किंवा साप्ताहिकाचा मालक बदलला, तर पत्रकाराला सांगता येतं की मला हा मालक पटत नाही, मी चाललो, आणि जाताना त्याला भरपाईही मिळते. तसंच अंकाचं धोरण बदललं तरी विवेकाला पटत नाही म्हणून जाता येतं. ताई या दोन्हींना मिळून विवेकाचं कलम म्हणतात. त्यांचं म्हणणं असं, की पत्रकाराला जो हक्क आहे तो वाचकालाही हवा, आणि वाचकाला जो हवा तो गिऱ्हाइकाला का नको? त्यामुळे माधव नगरात कुठेही मालक बदलला की त्या कलम लावतात. डेअरी काकाकडून पुतण्याकडे गेली, ताईंनी दूध बंद केलं. पिठाची चक्की विकली गेली, ताई दळण घेऊन दुसऱ्या टोकाला जायला लागल्या. लाँड्रीवाल्याच्या पाटीवर नवं नाव दिसलं तर त्या अर्ध्या वाटेवरून कपडे घेऊन परत आल्या आणि मला म्हणाल्या, "मी त्याला साफ सांगून दिलं, तू काही वाईट नाहीस, पण मला विचारलं का कोणी?"

एकदा कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळातले पुजारी बदलले. आता ताई काय करतात याकडे गल्लीचं लक्ष होतं. त्या नेहमीप्रमाणे चतुर्थीला गेल्या. मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाल्या की तिथे मालक तोच आहे, फक्त संपादक बदललाय.

हे सगळं विनोदी वाटतं, आणि आहेच, पण त्याचं कारण मला माझ्या बायकोने, शुभाने, सांगितलं. ती ताईंकडून पुरणपोळी शिकत असताना तिला कळलं. अण्णांची मिल विकली गेली होती. नवा मालक आला, त्याने यंत्रं भंगारात काढली, आणि ल्योंला जाऊन शिकून आलेल्या माणसाला फाटकावर एका कागदाने कळवलं की उद्यापासून येऊ नका. अण्णा घरी आले, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी सवयीने डबा घेऊन निघाले ते फाटकापर्यंत जाऊन परत आले. ताईंनी ते बघितलं होतं. त्यानंतर त्यांना कुठेतरी वाचताना ते कलम सापडलं, आणि जगात असा कायदा असू शकतो हे कळल्यावर त्या गप्प बसू शकल्या नाहीत. हे ऐकल्यावर मी काही दिवस त्यांना उलट उत्तर दिलं नाही.

तर तो संप. साप्ताहिक जहाजवाल्याने घेतलं, जुना संपादक काढला, नवा आणला, पत्रकार उठले. ताई टॉवरपाशी बसल्या. पुढचे काही गुरुवार अंकच आला नाही, आणि अण्णा खिडकीत बसून रोज विचारायचे की काय झालं पुढे. शेवटी अंक आला. चकचकीत, गुळगुळीत कागद, आणि पहिल्याच पानावर नव्या संपादकांचं हसतमुख निवेदन. संप फसला होता. चांगली चांगली माणसं कलम वापरून निघून गेली होती. ताईंनी तो अंक दोन बोटांनी उचलला आणि रद्दीत टाकला. मग पॅरिसला कळवून टाकलं की वर्गणी बंद करा, मी विवेकाचं कलम वापरते आहे. वर भरपाईही मागितली. उत्तर आलं नाही.

हे कळल्यावर माझं डोकं फिरलं. मी वर गेलो. ताई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी हळू आवाजात बोलायचं ठरवून गेलो होतो, कारण अण्णांच्या कानांना काही झालेलं नाही. मी म्हटलं, तुमचं तत्त्व तुमच्यापाशी, पण अण्णांचं काय? ज्या माणसाला आठवड्यातून एकदाच जग भेटतं, त्याचं ते एक दारही तुम्ही लावून घेणार? ताई म्हणाल्या की खोट्या माणसाने उघडलेलं दार बंदच बरं. मी म्हटलं, मग दुसरं साप्ताहिक घ्या. तर एक विमानवाल्याचं, एक पर्सवाल्याचं, ते सगळं पुन्हा ऐकावं लागलं. मी म्हटलं, मोबाइलवर वाचा, मी लावून देतो, कागद नाही की मालक दिसत नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी बँकेच्या गल्ल्यातून काही उचललंय.

"तुमच्या कलमापायी अण्णांचा गुरुवार गेला, ताई," मी म्हणालो.

"गुरुवार कुठे जात नाही, मोघे. बुधवारनंतर येतोच तो."

मी खाली आलो आणि शुभाला सांगितलं की पुन्हा मी या बाईच्या दारात पाऊल ठेवणार नाही. तत्त्वनिष्ठ माणसाइतकं निर्दय कोणी नसतं. स्वतः उपाशी राहील आणि घरच्यांनाही ताटावरून उठवेल, आणि वर त्याला बाणेदारपणा म्हणेल. हे मी बराच वेळ बोलत होतो.

त्या गुरुवारी संध्याकाळी वरून ताईंचा आवाज आला. नेहमीचा, वाचनाचा. मी चकित झालो. मग वाटलं, आली असेल अक्कल, घेतलं असेल पर्सवाल्याचं. पुढच्या गुरुवारीही आवाज आला, त्याच्या पुढच्याही. शेवटी शुभाने कोथिंबीरवड्या दिल्या आणि मी, पाऊल न ठेवण्याचं ठरलेलं असूनही, वर गेलो. दार लोटलेलं होतं. अण्णा डोळे मिटून खुर्चीत. समोर ताई. हातात एक जुना, कडा दुमडलेला अंक, मुखपृष्ठावर फ्रान्सचे कित्येक वर्षांपूर्वीचे राष्ट्राध्यक्ष. मांडीवर लाँड्रीचं प्लॅस्टिक पडलेलं होतं. वेष्टण फाडल्याचा आवाज त्याने काढला होता, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. ताईंची नजर अंकावर नव्हतीच. त्या समोरच्या भिंतीकडे बघत धडाधड वाचत होत्या.

संप यशस्वी झाला होता. जहाजवाल्याने माघार घेतली होती. जुने संपादक हारतुऱ्यांनी परत आले होते आणि त्यांनी पहिल्याच अंकात मालकाची खरडपट्टी काढली होती. पॅरिसमध्ये पुन्हा टपऱ्या उघडत होत्या. ल्योंमध्ये मात्र परिस्थिती बिकट होती. तिथे नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं, आणि तेही मोटर लावल्याशिवाय चढत नव्हतं. पालिकेने नुकताच केलेला रस्ता पुन्हा खोदून ठेवला होता. ई-रिक्षांनी चौकाचौकात उच्छाद मांडला होता. महापौरांनी एका पुलाचं उद्घाटन दुसऱ्यांदा केलं होतं.

मी वड्यांचा डबा टेबलावर ठेवला. ताईंनी मला बघितलं, नजरेने धमकावलं, आणि वाचत राहिल्या. मी निघून आलो, पण आतून धुमसत होतो. ज्या बाईने एका चुकीच्या ओळीसाठी दैनिकाची कचेरी डोक्यावर घेतली, तिने घरातल्या घरात अख्खं साप्ताहिक खोटं काढावं? तेही डोळ्यांनी अधू माणसाला फसवून? हे अण्णांना सांगितलंच पाहिजे, मी ठरवलं. निदान त्यांना माहीत तरी हवं की ते काय ऐकतायत.

दोन दिवसांनी ताई भाजी आणायला गेलेल्या बघून मी वर गेलो. अण्णांनी पावलांवरून मला ओळखलं आणि बसायला सांगितलं. मी प्रस्तावना सुरू केली. वृत्तपत्रांची विश्वासार्हता वगैरे. अण्णा मध्येच हसले.

"ल्योंच्या नळाबद्दल बोलायचंय न तुम्हाला?"

माझी प्रस्तावना तिथेच संपली. अण्णा म्हणाले की पहिल्याच गुरुवारी त्यांना कळलं होतं. स्वयंपाकघरातलं आमचं भांडणही त्यांनी ऐकलं होतं. नव्या अंकाला शाईचा वास येतो, याला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा येत होता. आणि मी ल्योंत राहिलोय हो, ते म्हणाले, तिथे पाणी एक दिवसाआड येत नाही. तिला कसं माहीत असणार, ती गेलेली नाही. मी चिडून विचारलं, मग तुम्ही बोलत का नाही? संप फसला हे तुम्हाला माहीत असताना तुम्ही तो यशस्वी झालेला का ऐकता?

अण्णांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग हळूहळू बोलायला लागले. म्हणाले, इतकी वर्षं तिने मला वाचून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. पण ते दुसऱ्यांनी लिहिलेलं असायचं. वाचून झालं की अंक मिटायचा आणि ती स्वयंपाकघरात जायची. तिचं स्वतःचं काय चाललंय ते कधी बोलली नाही. विचारलं तर म्हणते, काही नाही, सगळं ठीक. आता पहिल्यांदा ती माझ्याशी बोलते. पाणी आलं नाही, रिक्षावाला अंगावर आला, भाजी महागली, सगळं सांगते. फक्त ते ल्योंत घडतं.

"परवाच्या अंकात एक बातमी होती," अण्णा म्हणाले. "ल्योंत सोन नदीच्या घाटावर एक रिटायर शिक्षिका शेवाळावरून घसरून पडली. खूप भाविक होते आजूबाजूला, पण कोणाचं लक्ष गेलं नाही. तिची तीच उठली आणि रिक्षा करून घरी गेली. घरी कोणाला बोलली नाही. मोघे, ल्योंत नदीकाठी मोटारी उभ्या असतात. भाविक कुठले?"

सोमवारी ताई शिप्रेच्या राम घाटावर गेल्या होत्या, आईच्या तिथीला त्या जातात.

"ती चालते तेव्हा एक पाऊल घासतं आताशा," अण्णा म्हणाले. "तुम्हाला दिसत असेल, मला ऐकू येतं. मी विचारलं तर ती परत बोलायची बंद होऊन जाईल. तुम्ही बघा न जरा."

माझा राग कुठे गेला म्हणता? गेला नाही, फक्त त्याची दिशा बदलली. पंचाहत्तरीला आलेली बाई दुखरा पाय घेऊन दोन जिने चढउतार करते, दुसऱ्या टोकाला दळण नेते, आणि सांगते कोणाला, तर ल्योंला. मी जिन्यातच त्यांना गाठलं. कठड्याला धरून, पिशवी दुसऱ्या हातात घेऊन त्या वर येत होत्या. मी पिशवी हिसकावली आणि म्हटलं की डॉक्टरकडे चला, पाय सुजलाय तुमचा.

"माझा गुडघा ही बातमी नाही, मोघे."

मी वाद घातला नाही. शुभाला हाक मारली. शुभाने त्यांना दोन शब्दांत चपला घालायला लावलं, ते तिला कसं जमतं मला माहीत नाही. ऑटोत बसवून आम्ही त्यांना एका खासगी इस्पितळात नेलं. फोटो काढला. गुडघ्याखाली हाडाला चीर गेली होती, आणि त्या पायावर ही बाई सगळं गाव फिरत होती. डॉक्टर प्लास्टरची तयारी करत होते, तेवढ्यात ताईंनी सिस्टरला सहज विचारलं की हे इस्पितळ कोणाचं. सिस्टरने तितक्याच सहज सांगितलं की पूर्वी मोठ्या डॉक्टरांचं होतं, आता इंदूरच्या एका कंपनीने घेतलंय.

ताई उठल्या. चीर गेलेल्या पायावर, भिंतीला धरून, सरळ दाराकडे निघाल्या. डॉक्टर हातात ओली पट्टी घेऊन बघत राहिले. इतक्या वर्षांत मी ताईंसमोर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी इतका चढला की बाहेरच्या बाकावरची माणसं उभी राहिली. मी म्हटलं, जा, खुशाल जा, लावा कलम. पाय गेला की अंथरुणाला खिळाल. मग गुरुवारी अण्णांना कोण वाचून दाखवेल? त्यांच्याशी बोलेल कोण?

ताई थांबल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. परत येऊन टेबलावर बसल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या की लवकर करा, मला घरी काम आहे.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मी आणि शुभा वरच होतो. शुभा त्यांच्याकडे दोन्ही वेळचं जेवण पोचवते आहे, आणि ताई रोज त्यात मीठ कमी असल्याचं सांगतात. प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून ताईंनी तो जुना अंक हातात घेतला. पॅरिसबद्दल दोन-चार बातम्या झाल्या. मग त्यांनी घसा साफ केला.

ल्योंहून आलेल्या वृत्तानुसार, त्या म्हणाल्या, घाटावर पडलेल्या निवृत्त शिक्षिकेची प्रकृती आता सुधारत आहे. शेजारच्या एका बँक कर्मचाऱ्याने तिला इस्पितळात नेलं. हा गृहस्थ विनाकारण आरडाओरडा करतो, असं प्रत्यक्षदर्शींचं म्हणणं आहे. त्याची पत्नी मात्र समजूतदार आहे.

शुभाने तोंडावर पदर धरला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी खुर्चीतून मान थोडी पुढे केली.

"त्या बाईंच्या घरी कोणी आहे का?" त्यांनी विचारलं.

ताईंनी पान उलटलं, आणि परत मागचं काढलं.

"भाऊ आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "त्याला दिसत नाही."

"पण ऐकू येतं न?"

ताईंनी या वेळी पान उलटलं नाही. अंक हातात तसाच होता. खाली कोणाची तरी मोटर सुरू झाली, नळाला पाणी आलं होतं.

"येतं," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकू येतं त्याला."